टिपणीसबाईंचा प्रश्न

किसननगरच्या तिसऱ्या गल्लीत माझं फॉल-पिकोचं दुकान.
वर्षभराच्या पावत्या ब्लाउजपीसच्या पिशवीत कोंबून
गेले नौपाड्याला, शाळेत उशीर झाल्यासारखी.

टिपणीसबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली.
दोऱ्याची बिलं, विजेचं, मशीनच्या तेलाचं,
एक सुईसुद्धा निघाली.
"टोचली नाही ना? मग हिशेब सरळच असणार."

ताळेबंद, जमाखर्च, असलं काही म्हणाल्याच नाहीत.
आलं किती, गेलं किती, अडकलंय कुणाकडे?
पाचपुतेवहिनींचे तीनशे चाळीस,
दोन दिवाळ्या झाल्या.
हे मला तोंडपाठ.
त्यांनी लिहून घेतलं, चहा सांगितला.

मग पेन थांबलं.
"आणि यात तुमचा पगार?"

मी रिकाम्या पिशवीत पुन्हा हात घातला,
शिवणीपर्यंत चाचपलं,
जणू असेल एखादी चिठ्ठी
अकरा वर्षांची.