आप्पा उभे आहेत

तीस वर्षं आप्पा बसूनच होते.
तहसीलसमोरच्या निंबाखाली, पत्र्याचं टेबल,
डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी घातलेला
कुणाचातरी जुना सातबारा.
रेशनकार्ड हरवल्याबाबत, मीटर जळाल्याबाबत,
मयताचं नाव कमी करण्याबाबत.
"आपला विश्वासू"पर्यंत सगळं अक्षर आप्पांचं,
खालचा अंगठा तेवढा दुसऱ्याचा.

यंदा दिवाळीच्या तोंडावर
त्यांनी स्वतःचाच अर्ज भरायला घेतला.
उमेदवाराचे नाव : झुलाल दगा बागुल.
एवढं लिहून पेन थांबलं.
"शाई संपली का?" मी विचारलं.
"नाही," म्हणाले, "ओळखीचं वाटलं नाव."

सूचक दहा लागतात, जमले नऊ.
दहावी सही चहावाल्या इसाक पिंजारीची,
तीही उधारी मिटवायच्या बोलीवर.
शपथपत्रात सायकल एक, टेबल एक,
पत्नीच्या नावे चार ग्रॅमची पोत,
गुन्हे निरंक. किती जणांसाठी लिहिला असेल
त्यांनी हा शब्द, निरंक,
यावेळी जरा ठळक गिरवला.

चिन्ह मागितलं पेन.
चिठ्ठीत ते दुसऱ्याला गेलं.
आम्हाला नेलकटर.

रात्री पांढरी गाडी आली दारात,
दिवे न विझवता.
"आप्पा, बठी जा ना.
तुमनं वय शे का उभं ऱ्हावानं?"
आई आतून कान देऊन.
आप्पा चपला शोधत होते अंधारात,
एक सापडली, एक नाही.
"तीस वरीस बठेलच व्हतू, भाऊ.
आते जरासा पाय मोकया करू दे."
जाताना तो हसला : बापाचं नावच दगा,
तर कोणाकोणाला देशील!

दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात पहिली सभा.
सभा म्हणजे रिक्षावरचा भोंगा
आणि देठ खुडणाऱ्या वीसेक बाया,
तोंडाला पदर, डोळे तेवढे उघडे.
आप्पांनी घसा साफ केला, आणि सवयीनं :
"महोदय, वरील विषयास अनुसरून..."
बाया हसल्या, मग ठसका, मग सगळ्यांनाच शिंका.
मला वाटलं संपलं आता.
तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून एक म्हातारी,
"तुमलेच मत देसूत, पन
मना पगारना कागदनं काय व्हयनं?"
दोन वर्षांपूर्वीचा निराधारचा अर्ज,
लिहिलेला आप्पांनीच.

ते खाली उतरले, पोत्यावर बसले,
भोंगा बंद करायला सांगितला.
दिवस मावळेतो सोळा अर्ज.
नरडाण्याची सभा राहिली ती राहिलीच.

खर्चाची वही माझ्याकडे होती.
भोंग्याचं भाडं, रिक्षाचं पेट्रोल,
भरीत-भाकरी माणसं सहा,
कोरे कागद सोळा.
निरीक्षकांनी सोळावर बोट ठेवलं :
हे मतदारांना आमिष तर नव्हे?
मी आप्पांकडे पाहिलं.
आप्पा छताच्या पंख्याकडे.

आमच्याकडे माणूस उभा राहतो,
नाहीतर बसतो, नाहीतर त्याला बसवतात.
आप्पा पडले.
चारशे एकोणनव्वद. नोटाला अकराशे.
गल्लीत फटाके दुसऱ्याचे,
गुलाल मात्र वाऱ्यानं आमच्याही ओट्यावर.
आई झाडू घेऊन उठली, मग तशीच बसून राहिली.

सोमवारी पुन्हा निंबाखाली टेबल.
पण आधी घरचं एक काम होतं.
विषय : निवडणूक खर्चाचा अंतिम हिशेब
सादर करणेबाबत.
तर्जनीच्या नखावरची काळी रेघ
अर्ध्यावर सरकलेली;
नख वाढलंय, आप्पा कापत नाहीत.
घरात नेलकटर पाच आहेत,
प्रचारात वाटायचे नव्हते म्हणून उरलेले.

"आपला विश्वासू" लिहिलं,
आणि खाली, कुणाची वाट न बघता,
सही केली.

आईनं कागद वाळूत घासल्यासारखा निरखला, परत दिला.
"याना वीस रुपया कोन देई?"