दोन किलोंच्या आत

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं,
सहा आठवडे दोन किलोंवर काही उचलायचं नाही.
मला हसू आलं, आणि हसताना टाके ओढले.
एकोणीस वर्षं चहाची पानं वाहिलीत या पाठीवरून,
रिझेच्या या निसरड्या उतारांवर.
दोन किलो म्हणजे किती, ते पाठीला आठवेचना.

मुलांनी मात्र शब्द न् शब्द पाळायचं ठरवलं.
आल्पेरने गोठ्यातला ताणकाटा आणला,
गाठोड्यांचा, गंजलेला, तुळईला टांगला
आणि घरातलं एकेक बोलावून तोललं.
मक्याची भाकरी: चालेल.
किटली: अर्धी भरली तर चालेल.
(आत खिळ्याने रेघ मारून ठेवलीय त्याने.)
मांजर: चार किलो. त्याला तसं स्पष्ट सांगण्यात आलं.
तासाभरात ते माझ्या पायांवर घोरत होतं.

हिलाल चौदाची. दार लोटून तिने विचारलं,
'काढलं ते किती वजनाचं होतं?'
मी म्हटलं, विचारलं नाही गं.
खाली झेकेरिया एकटाच पानं कापत होता,
कात्रीची कचकच वर येत होती.
जरा वेळाने ती म्हणाली,
'तिथे सगळ्यांत आधी मी राहिले होते,'
जुन्या भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तशी.
मग बसली माझ्या केसांतला गुंता सोडवत,
टोकाकडून वर, मीच शिकवलं होतं तसं.
माझा हात कधी इतका हलका नव्हता.

आणि दुरू. चार वर्षांची.
गाठोड्यात बसवून टांगली, तर काटा पंधरावर.
रडली असती तर बरं झालं असतं.
दोन दिवस उंबऱ्यावरूनच बघत राहिली,
मी काचेची बरणी असल्यासारखी.
तिसऱ्या दिवशी आल्पेरला ओढत आणलं:
'नुसता हात तोल.'
'तीनशे ग्रॅम,' तो म्हणाला, अंदाजपंचे.
मग पाय.
मग, बरीच हुज्जत झाल्यावर, डोकं.
फडक्याच्या झोळीत हनुवटी टेकवून
श्वास रोखून उभी राहिली.
'दोन किलो शंभर. क्लिपा काढ.'
क्लिपा काढल्या.
'दोन. बरोब्बर.'

तेव्हापासून ती हप्त्याहप्त्याने येते.
सकाळी एक तळहात.
भावंडं शाळेला गेली की डावी टाच, चिखलासकट.
दुपारी डोकं, क्लिपांशिवाय, माझ्या दंडावर,
घामेजलेलं, चुलीच्या धुराचा वास असलेलं,
बाकीची दुरू खाटेबाहेर, गुडघ्यांवर.
तशीच झोपून जाते.

तो काटा अर्धा किलो कमी दाखवतो.
मला माहीत आहे.
झेकेरियालाही, खरेदी केंद्रावर त्यावरूनच तर
त्याची दोनदा भांडणं झाली.
काल तो दारात उभा राहून आम्हा दोघींकडे बघत होता,
हातात बूट.
काही बोलला नाही. मीही नाही.