मिऱ्याची पुडी

मगदूम सरांच्या मुलीनं चित्र आणलं
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
"काच बदला, चौकट तीच राहू दे."
छापील प्रत. सर ती वर्गात टांगायचे.
चितारणाऱ्याचं नाव पुराच्या पाण्यानं नेलं,
उरलं एवढंच : हॉलंड, आणि सोळाशे काहीतरी.

बिंदू चौकाच्या अलीकडं माझं दुकान, आठ बाय दहा.
देवांना चौकटी घालतो, मेलेल्यांना घालतो,
निवडून आलेल्यांना.
जेवणाला घालायची ही पहिलीच वेळ.

चुरगळलेलं पांढरं कापड. आडवा पडलेला पेला.
कथलाचं ताट, अर्धं टेबलाबाहेर,
आत्ता पडेल, आत्ता पडेल,
चारशे वर्षं.
अर्धं सोललेलं लिंबू, साल खाली लोंबणारी.
आणि मांसाचा हा एवढा मोठा डाग उजळलेला.

दस्तगीर मुल्लाणी सुट्टे मागायला आला
नि तिथंच थबकला. धंदाच तो.
"मागचा पाय. सुरी झ्याक चाललीया,
हाडाला कुठं लागली न्हाई."
मग जरा थांबून,
"बकऱ्याचा न्हवं पण,"
आणि नजर लिंबाकडं वळवली,
शेजारच्या घरातल्या भांडणावरून वळवावी तशी.
सुट्टे विसरूनच गेला.

दीडला हौसाक्का डबा घेऊन.
"ह्यो कट कशावर आलाय?"
उजव्या कोपऱ्यात तांबूस लाट, मांसाला भिडलेली.
"अक्का, पुराचा डाग हाय त्यो."
"आसूं दे. रंग बरा धरलाय."
उकिडवी बसली, चित्राच्या उंचीला आली.
"तीस वरसं खानावळ चालवतो मी.
लिंबू चिरायचं, पिळायचं, मोकळं व्हायचं.
ह्येला बघत बसायचं हुतं. खायाचं न्हवतं."

मी सांगितलं तिला सर सांगायचे ते
(शेवटच्या बाकावर जेवढं पोचलं तेवढं) :
साल म्हणजे सरत चाललेला वेळ,
पेला म्हणजे श्वास,
हे जेवण नव्हे, इथं मरण मांडलंय.

अक्कानं ऐकून घेतलं.
"मरणाला येवढी भांडी लागत न्हाईत."

मग तिचं बोट एका जागी थांबलं.
ताटामागं गुंडाळलेला कागद, तोंड उघडं.
तीन वर्षं मी त्याला फूल समजत होतो.
सर त्यावर कधी बोलल्याचं आठवत नाही.
"पुडी हाय की ही!"
"कसली?"
"मिऱ्याची. आमचा वाणी आसाच पीळ देतो बुडाला.
ह्ये बघ, चार सांडल्यात."

भिंग लावलं.
कागदावर बारीक छापील रकाने, आकडे,
कुठल्याशा पंचांगाचं पान असावं.
होऊन गेलेले वार, कामातून गेलेल्या तिथ्या,
त्यात मिरी बांधून दिलेली.
आणि मिरी तर तिकडं पिकत नाही.
खाली मलबारातून गेली असणार ती,
गलबताच्या पोटात, महिनोन् महिने खारं वारं खात,
ह्या कुणा न आलेल्या माणसाच्या पानापर्यंत.

"किलोचा भाव ठावं हाय का?" अक्का म्हणाली,
"आन् ह्ये सांडून ठेवत्यात."
उठताना गुडघा धरला तिनं,
रिकामा डबा घेतला कालचा
आणि उतरली पायरी.

डबा उघडला. भाकरी, वांगं,
आणि लसणाच्या चटणीची पुडी, बुडाला पीळ.
कागद गेल्या महिन्याचा :
राजाराम बंधारा, पाण्याची पातळी.
आकडा तेलानं आरपार झालेला.
फूट वाचता आले, इंच नाही.

चटणी झाकणात काढून घेतली.
झाकण टेबलाच्या कडेला आलं होतं.
जेवायला बसायच्या आधी
मी ते आत सरकवलं.