शुक्रवारचा रविवार

अहमदीत रविवार शुक्रवारी येतो.
बिशपांची परवानगी आहे, माझी तक्रार नाही.
पण वारांचं फ्रिजसारखं असतं :
जड वाटतो, एकदा हलला
की बोटानंही सरकतो.

परवा उपासकाळातला शुक्रवार. मांस वर्ज्य.
मिस्सा सुटल्यावर पार्किंगमध्ये
पास्कू डोडतीनं हिशेब मांडला :
इथला शुक्रवार म्हणजे रविवार,
रविवारी उपास नसतो,
म्हणजे मटण चालतं.
आणि बिर्याणीचं झाकण काढलं.
मी वाद घालणार होतो,
तेवढ्यात नळी माझ्या वाट्याला आली.

फादर एव्हरार्ड फार गोड माणूस.
गेल्या ऑगस्टात प्रवचनात म्हणाले,
नरक आहे, पण बहुधा रिकामा असावा.
लोक हसले, सैल झाले.
एसी बाविसावर होता, मीच लावलेला.
आदल्याच सकाळी त्याच छपरावर
पाना हाताला चिकटला होता, कातडीसकट.
म्हटलं, फादर,
रिकामा असेल तर कॉम्प्रेसर कुणाचा चालू आहे?
म्हटलं म्हणजे मनात.

कबुलीला आता जाळी नाही.
दोन खुर्च्या, मध्ये टिशूचा डबा.
सांगितलं, कंपनीचा तांब्याचा पाईप विकला, अठरा मीटर.
फादर म्हणाले, इनास,
स्वतःवर इतका कठोर होऊ नकोस.
प्रायश्चित्त?
एक नमो मरिया, जमेल तेव्हा.
बघतोय अजून, कधी जमतं ते.

यंदा त्यांचा महिना आणि आमचा
एकाच वेळी आला.
माझा हेल्पर शफीकुल, नोआखालीचा,
पहाटेपासून थुंकीसुद्धा विचार करून गिळतो.
मी टाकीच्या आड बसून बाटली तोंडाला लावली,
डबा उघडला. खिमा.
तो शिडीजवळून म्हणाला, फटक्या ओठांनी :
इनासभाई, आज तो आपका भी गोश्त बंद है ना?
टोमणा नव्हता.
त्याला खरंच वाटलं, मी विसरलो.

मी म्हणालो, आमच्यात आता तसं काही राहिलं नाही.
तो हं म्हणाला
आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला,
मी चढेपर्यंत.

डबा तसाच राहिला. धर्मासाठी नाही हो,
भूकच सरकली कुठेतरी.

संध्याकाळी बांग झाली तशी
त्यानं आधी माझ्या हातावर खजूर ठेवला.
मांसात मोडत नाही,
मी हिशेब केला,
आणि खाल्ला.