नववा दिवस, वडशाच्या अलीकडे

झड काल रात्रीपासून. सकाळी बुटात पाय घातला
तर आत बेडकी, माझ्याआधी तयार.
वैनगंगा उजव्या हाताला. दिसत नाही,
नुसता आवाज, कुणी ओलं पोतं ओढत नेल्यासारखा.

बांधीचा पाऱ्या हातभर रुंद.
विशाखा पुढे, छत्रीची काठी करून.
उघडायची आम्ही परवाच सोडली.

रोवण्यातल्या बाया कंबर सरळ करतात.
"पैदल? कोनता नवस होता?"
नवस नाही.
"मंग पैसे भेटते?"
तेही नाही.
जरा वेळ नुसता पाऊस. मग एक जण, डोक्यावरची पन्नी सारत:
"मंग चार पेंड्या येथंच लावून द्या नं वो बाई."
लावल्या. वाकड्या.
हसत हसत तिनं त्या पुन्हा उपटल्या.

दुपारी नाला आडवा, दुधाच्या चहाच्या रंगाचा.
दुधराम मारबते पालथ्या डोंग्याखाली
बिडी कोरडी ठेवत बसलेला.
"आज नाही," म्हणाला.
आम्ही घासाघीस केली नाही.

पुलापर्यंत वर सहा किलोमीटर.
पलीकडून खाली सहा.
पुन्हा तोच नाला, तोच डोंगा, वीस पावलांवर.
त्यानं हात केला, ओरडला,
"जेवले का?"

संध्याकाळी शाळेच्या पडवीत
नकाशा दोरीवर वाळत घातला.
दिवसभरात नखाएवढं सरकलो.
विशाखा तळव्यांच्या सुरकुत्या दाखवते,
म्हणते, बघ, आजीचे पाय.
बूट खिळ्याला पालथे टांगलेत.
त्यांच्यातून अजून पडतोय.