नळाची पाळी

सेलूत आमच्या गल्लीला नळ आठव्या दिवशी येतो,
रात्री दोनला, कधी अडीचला.
तोवर माझी स्वप्नं पत्र्याच्या पेटीत पडून असतात,
काळ्या कापडात गुंडाळलेली,
ऊन खाल्लेली, पण न धुतलेली.
काही तेवढ्यात धुरकटतात. धुरकटू देत.

काम अवघड नाही.
दोन पुड्या, एक हिरवट, एक लाल खड्यांची.
स्वयंपाकघराची खिडकी घोंगडीने झाकून
त्या पाण्यात कालवायच्या,
जुन्या धोतरावर ब्रशने फिरवायच्या,
वर फिल्म, फिल्मवर काच, आणि गच्ची.
मे महिन्यात तीन मिनिटं पुरतात,
आमच्या उन्हाला घाई असते.
जिथे ऊन पोचलं ते निळं होतं,
जिथे अडलं ते पांढरं राहतं.

फिल्म स्टेशन रोडचा झेरॉक्सवाला रज्जाक काढून देतो.
"मॅडम, ये क्या? नुसती पाठच हाय."
मी म्हणते, थोडं डार्क कर.

स्वप्नात आई असते, पाठमोरी.
जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर चढत असते,
हातात शिवणयंत्राचं चाक.
मी हाक मारते, ती हाक कापसात पडते,
आणि आई चढतच राहते.
पाय रुततो, ढीग घसरतो, पुन्हा तेवढाच उरतो.
जाग येते तेव्हा तोंडात रुई भरल्यासारखं.
अंधारातच वहीत लिहिते:
चाक. सरकी. लुगड्याचा काठ जांभळा की काळा?
काठाचं काही केल्या ठरत नाही.

आता असल्याचा फोटो काढणार कसा?
शेजारच्या कौतिकबाईंना म्हटलं,
जरा पाठ करून उभ्या राहा.
"पाठ कशाला? तोंड काय वाईट हाय का माझं?"
तरी राहिल्या. पदर सारखा केला,
जणू पाठीलाच कुणी बघायला येणार होतं.
ढीग गादीवाल्याच्या दुकानातला, उसना.
चाक मात्र आईच्याच मशीनचं.
त्याचा गंज कौतिकबाईंच्या तळव्याला लागला,
तो त्यांनी भिंतीला पुसला. अजून आहे.

पाळीच्या रात्री नळ आधी फुसफुसला,
मग गल्लीभर मोटारी घरघरल्या, घागरी वाजल्या.
मी परातीत कापड सोडलं.
पिवळं पाणी निघालं, मग हिरवट,
मग निळ्यातून ती पाठ वर आली, पांढरी.
ज्या वेळेला मी एरवी तिला बघत झोपलेली असते
त्याच वेळेला जागी, कोपरापर्यंत ओली.
कौतिकबाई हंड्याखालून बोलल्या,
"चार घागरी हिलाच गेल्या की गं."
वाया नाही घालवलं. त्याच पाण्याने सकाळी फरशी पुसली.

अकरा तुकडे झाले, त्यांची वाकळ करायची ठरली.
टाके कौतिकबाईंचे. सरळ घाला, म्हटलं, बोटभर अंतराने.
तुम्हाला काय दिसतं स्वप्नात, विचारलं.
"मला न्हाई पडत सपनं.
वाकळ अंगावर घेतली की मी मेलेलीच."

पाच दिवसांनी आणून दिली.
टाके सरळच होते, मधल्या तुकड्यापर्यंत.
तिथे ढिगावर लाल दोऱ्याने
आडव्या चिमुकल्या रेघा, एकीवर एक.
हे काय?
"पायऱ्या.
एवढं चढायली बाई, पाय कुठं ठेवावा तिनं?"

मी गप्प. मग दिसलं,
पांढऱ्या पाठीच्या कडेने खालपर्यंत
हिरवा दोरा.
"आन् काठ घातला तिचा. हिरवाच असायचा की.
दोनच लुगडी होती, दोन्हीला हिरवा."

हिरवा?
वही पहिल्या पानापासून चाळली.
जांभळा आहे, काळा आहे, एकदा तर तपकिरी.
हिरवा कुठेच नाही.

रात्री वाकळ मांडीवर घेऊन बसले,
ब्लेडचं पातं काढलं, गाठ शोधली.
तेवढ्यात नळ आला.