चौथी ओळ

प्रशस्तिपत्रात तीनच ओळी:
अंधारी रात्र, कमी उंची, अचूक नेम.
चौथी काकांनी मला सांगितली
भुसावळच्या पुलावर, केळीच्या वॅगनी मोजता मोजता.

"विमानाच्या नाकात पालथा पडलो होतो.
ढग फाटले. खाली रुळांचा उघडा पंजा,
एक शंटिंग इंजिन मागेपुढे.
वाटलं, आपलंच यार्ड.
आता बाप कंदील हलवेल, हिरवा."

मग?

"मग बटण दाबलं."

पदक आलं तेव्हा लोको शेडमध्ये पेढे वाटले,
साहेबाला विचारून अवेळी भोंगा वाजवला,
बेंडाळ्यांच्या चाळीत पहिल्यांदा फोटोवाला आला.
आजोबा पॉइंट्समन. त्यांनी पदक तळहातावर तोललं,
परत डबीत ठेवलं, आणि म्हणाले,
"तठी रातपायीले कितके जन व्हते रे, डिगा?"

दिवाळीत काकू ट्रंक उघडते.
त्याच चिमूटभर रांगोळीने
आधी कंदिलाची काच घासते, मग चक्र.
काका तेवढा वेळ ओट्यावर.
मालगाडी गेली की डबे सांगतात:
अठ्ठावन्न. बेचाळीस. एकसष्ट.

मी मागून मोजून पाहिलंय.
आकडा चुकत नाही त्यांचा.
चुकला असता तर बरं
असा चेहरा करून सांगतात.